पुनर्वसनाचा डॉक्टर

आमच्या कराड-पाटणकडे ‘पुनर्वसन’ म्हटलं की कोयनेचं धरण आठवतं. उठलेली गावं, बदली जमिनी, सरकारी कचेरीतले हेलपाटे. त्यामुळे “आईला पुनर्वसनाच्या डॉक्टरला दाखवायचंय” असं मी म्हणालो तेव्हा अण्णांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, “तिला कुठं हलवतोयस?” ‘रिहॅब’ म्हणावं तर आणखीच पंचाईत. मोबाइलवर शोधलं की व्यसनमुक्ती केंद्रांची रांग लागते. आईचं व्यसन म्हणजे दिवसाला चार चहा.

गेल्या आषाढात आईला लकवा मारला. डावी बाजू गेली. दवाखान्यात जीव वाचला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढची. घरी सोडताना कागदावर गोळ्यांची यादी आणि खाली एक ओळ, ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’. घरी येणारी फिजिओ मुलगी गुणी; आईला उभं केलं ते तिनंच. पण हात हळूहळू आखडत गेला. कोपर छातीशी, मनगट आत वळलेलं, आणि मूठ इतकी घट्ट की अंगठाही आतच अडकलेला. नखं तळव्यात रुतायची. तळवा सतत दमट, त्याला आंबूस वास. रोज सकाळी एकेक बोट सोडवून ओल्या फडक्यानं पुसायचो, कोरडं करायचो, रुमालाची गुंडाळी आत ठेवायचो. दुपारी पतसंस्थेतून जेवायला घरी येईपर्यंत गुंडाळी जमिनीवर.

मेंदूचे डॉक्टर म्हणायचे, आमचं काम झालंय, हाडांकडे दाखवा. हाडांचे म्हणायचे, हाड ठणठणीत आहे, मेंदूकडे जा. शेजारच्या काकूंनी दाबायला मऊ चेंडू आणून दिला. एका पाहुण्यानं तर पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं.

शेवटी भाची बोलली. ती एमबीबीएसला आहे. “मामा, आजीला पीएमआरला दाखवलंस का?” मी म्हटलं, ते काय असतं?

फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. एमबीबीएसनंतर या विषयात एमडी किंवा डीएनबी करतात. म्हणजे हे फिजिओथेरपिस्ट नव्हेत. फिजिओची पदवी बीपीटी, एमपीटी, आणि त्यांचं काम वेगळं. माणसाला दोघंही लागतात. आखडलेले स्नायू, लघवीचा ताबा, पायाचा स्प्लिंट, चाकाची खुर्ची, हे सगळं एका नजरेनं बघणारा डॉक्टर असतो, हे मला आठ महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. मग मी पाट्यांवरच्या पदव्या वाचत हिंडलो. ‘रिहॅब’ लिहिलेल्या तीन पाट्या सापडल्या. तिन्ही फिजिओंच्या.

म्हणून मुंबई. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय संस्था आहे, १९५५ पासूनची, याच विषयाला वाहिलेली. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघायचं आणि महालक्ष्मीलाच पोचायचं, हे आईला फार शुभ वाटलं. (प्रत्यक्षात दादरला उतरून टॅक्सी केली. आईला घेऊन लोकलमध्ये चढायची माझी छाती नव्हती.)

डॉक्टरीणबाईंनी आईचं कोपर आधी अगदी सावकाश उघडलं. बऱ्यापैकी उघडलं. मग तेच झटक्यात. मध्येच अडकलं. “बघितलंत? सांधा अजून धरलेला नाही, स्नायू ओढतोय. मेंदूचा लगाम सुटलाय.” आठ महिने तो हात रोज माझ्या हातात होता, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग त्यांनी आईला विचारलं, “मावशी, या हातानं काय करायचंय तुम्हाला?”

मला वाटलं, आई स्वयंपाक म्हणेल. आई म्हणाली, “बांगड्या भरायच्यात.” दवाखान्यात हाताला सूज आली तेव्हा बांगड्या वाढवल्या होत्या, आणि वळलेल्या मुठीवरून नव्या चढेनात. बाईंनी ते केसपेपरवर लिहिलं. खरंच लिहिलं.

“हात कामाला लागेल असं मी सांगत नाही,” त्या म्हणाल्या, “पण मूठ सैल होईल.” सोनोग्राफीवर स्नायू बघून दंडात आणि हातात बोट्युलिनमची इंजेक्शनं दिली. बोट्युलिनम म्हणजे सुरकुत्या घालवायला नट्या घेतात तेच, हे ऐकून आई लाजली. त्याचा पुरता गुण यायला दोनेक आठवडे लागतात आणि तो साधारण तीन महिने टिकतो. तेवढ्यात ताण देऊन, रात्री स्प्लिंट बांधून हात मोकळा करून घ्यायचा. चेंडू बंद, कारण आईची मिटणारी बोटं मुळातच जोरात होती. पायाचा दुकानातून आणलेला तयार स्प्लिंट घोट्याला घासत होता. त्याच्या जागी मापाचा करून घेतला.

औषधाच्या कुपीची किंमत अण्णांना मी अजून सांगितलेली नाही.

परवा कासाराला घरीच बोलावलं. उजव्या हातात अडीचच्या, डाव्यात एक नंबर मोठ्या. तो नेहमीच्या सवयीनं भराभर चढवू लागला तशी मूठ आवळली. आईच त्याला म्हणाली, “दमानं घे बाबा, घाई केली की रुसतो तो.” सहा चढल्या, एक वाढवली. त्यानं सातवीचे पैसे घेतले नाहीत.