कोपऱ्यातली सही

परवा दुपारी उसाचा रस प्यायला थांबलो. ग्लास हातात येईपर्यंत करायचं काय, म्हणून गाड्याच्या पत्र्यावरचं वाचत बसलो. पिवळ्यावर लाल 'रसवंती गृह', बाजूला बैलाचं चित्र. बैलाचं तोंड जरासं कुत्र्याकडे झुकलं होतं. पण उजव्या कोपऱ्यात, चाकाच्या वर, पेंटरची सही मात्र काय झोकात होती!

ही माझी जुनी खोड आहे. देवळाच्या भिंतीवर गजेंद्रमोक्ष रंगवलेला असला की आधी हत्तीच्या पायाशी सही शोधायची, मग देव बघायचा. घरचे तोवर प्रदक्षिणा आटोपून चपला घालत असतात.

खोड लागली काकांच्या गिरणीपायी. आमचं गाव कोल्हापूरच्या बाजूचं, आणि त्या मुलखात पेंटर हा धंदा कमी आणि पदवी जास्त. बाबूराव मेस्त्रींनी नाटकांचे पडदे रंगवले, स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, सिनेमे काढले, आणि एवढं सगळं करून जगाला ते ठाऊक झाले बाबूराव पेंटर म्हणून. पदवीनं आडनाव गिळून टाकलं. तर आमच्याकडे बोर्ड रंगवायला आले तेही पेंटरच.

त्यांचा दर अक्षरावर होता. काना, मात्रा, वेलांटी फुकट. काकांनी बोटं मोडत हिशेब केला, 'श्री लक्ष्मी पिठाची गिरणी' म्हणजे नऊ अक्षरं. पेंटर म्हणाले, "मालक, 'क्ष्मी'त तीन अक्षरं एकावर एक बसल्यात. हात तीनदा फिरतोय."

"वाचताना एकच वाचतोय न्हवं आपण?" काका.

"मग वाचणाऱ्याकडनंच रंगवून घ्या."

'श्री'वरही असंच झालं. दळणाला आलेल्या बायका डबे खाली ठेवून पंचायतीला बसल्या. शेवटी कुठलंही जोडाक्षर दीड धरायचं ठरलं. पाणिनीला एवढा वेळ लागला नसेल.

रंगवायच्या दिवशी मी शाळा बुडवली. पेंटरांनी दोऱ्याला खडू चोळला, एक टोक मला धरायला दिलं, दोरा मधे उचलून टण्णकन सोडला. निळ्या पत्र्यावर सरळ पांढरी रेघ. एका काठीच्या टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेला होता. तो पत्र्याला टेकवायचा, काठीवर मनगट ठेवायचं आणि मग ब्रश चालवायचा. ब्रश डब्याच्या काठावर दोनदा पुसायचा, एकदाही कमी नाही. टर्पेंटाइनचा वास अजून कुठे आला की मला ती दुपार दिसते. अक्षरं झाल्यावर प्रत्येकाला उजवीकडून काळी सावली दिली, आणि सपाट 'ग' एकदम पत्र्यातून पुढे आला. मी मागे सरकलो होतो, खोटं नाही सांगत.

मग त्यांनी कोपऱ्यात सही केली. काकांनी तीही अक्षरं मोजली. "ह्याचं तुम्ही मला द्या. माझ्या बोर्डावर तुमची जाहिरात." पेंटर नुसते हसले.

भानगड पुढेच होती. ऑइलपेंट ओला आणि गिरणीत पीठ उडतंय. दोन दिवस गिरणी बंद ठेवावी लागली, काकांनी तेही पेंटरांच्याच नावावर मांडलं. तरी शेवटी व्हायचं ते झालंच, कुठूनसा फुफाटा आला आणि 'क्ष्मी'वर बसला. ते अक्षर कायमचं खरखरीत राहिलं.

पिठावरून आठवलं. आजी रोज सकाळी त्याच पिठाच्या चिमटीनं उंबऱ्यापाशी रांगोळी काढायची. दुकानातली रांगोळी सणाला, एरवी तांदळाचं पीठ. दहापर्यंत मुंग्या अर्धी नेत. सही नाही, दर नाही. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक लिहितात तोही तांदळाच्या पिठाचाच, गेरूच्या भिंतीवर, बांबूच्या काडीनं. लिहिणाऱ्या सुवासिनी. जिव्या सोमा मशे यांनी तेच पांढरं पीठ कागदावर आणि कापडावर आणलं, रोजच्या हौसेनं काढत राहिले, आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं जाळं टाकणाऱ्या कोळ्याचं चित्र एकदा प्रदर्शनात बघितलं. जाळ्याचा एकेक टाका इतका बारीक की मी बराच वेळ टाकेच मोजत उभा राहिलो, आणि बाहेर आल्यावर ध्यानात आलं, सही बघायची राहिली. माझ्या आयुष्यात असं एकदाच झालंय.

फ्लेक्स आल्यावर पेंटर नंबरप्लेटांकडे वळले, मग रेडियम आलं आणि तेही गेलं. फ्लेक्सला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवत नाही. चाळीस चेहऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरसुद्धा अगदी खाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापणाऱ्याचं नाव आणि मोबाइल असतो. मी वाकून वाचतो. लोकांना वाटतं, साहेबांचा कार्यकर्ता आहे.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. गिरणीवर आता चुलतभावाचा फ्लेक्स आहे. जुना पत्रा कुठं आहे विचारलं, तर म्हणाला, परसात, बंबाच्या आडोशाला. जाऊन बघितला. निळा रंग उन्हानं राखाडी झालाय, 'गिरणी'तली 'गि' धुरानं गेलीय. 'क्ष्मी'वरून बोट फिरवलं. खरखरीत लागली.

कोपरा मात्र गंजून गळून पडला होता. आणि उभ्या उभ्या लक्षात आलं की पेंटरांचं नाव मला माहीतच नाही. चुलतभावाला विचारलं.

"कुणाचं? पेंटरचं?" तो म्हणाला. "पेंटरच म्हणायचे की सगळे."

काकूला विचारलं. तिला नाव आठवेना, पण जोडाक्षराचा दीडचा दर आठवत होता.

"हवा असला तर घेऊन जा तो पत्रा," चुलतभाऊ म्हणाला. "पण दुसरा काहीतरी आडोसा आणून दे आधी. बंब विझतोय वाऱ्यानं."