बाईंचं पाच मिनिटांचं बातमीपत्र

परिपाठात बातम्या बहुतेक शाळांत वाचल्या जातात. कुणीतरी वर्तमानपत्र हातात धरून चार मथळे वाचतं, मागच्या रांगांना त्यातलं काही कळत नाही, आणि गाडी सुविचाराकडे जाते. आपल्या शाळेत तसं नव्हतं. मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या बाई शिवाजीनगरच्या आकाशवाणी केंद्रातून, तिथल्या वृत्तविभागातून आल्या होत्या. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांच्याविषयी लिहायला त्यांनी परवानगी दिली ती दोन अटींवर. नाव घालायचं नाही, आणि ‘प्रेमळ, शिस्तप्रिय’ वगैरे विशेषणं वापरायची नाहीत. तेव्हा कामाविषयीच लिहितो.

पुणे आकाशवाणी 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झाली. बाई तिथे गेल्या 1980 च्या दशकात. रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारितेची पदवी घेतली, मग भाषांतराची लेखी परीक्षा, मग स्वरचाचणी, आणि त्यातून कॅज्युअल वृत्तनिवेदक-अनुवादक म्हणून यादीत नाव. कॅज्युअल म्हणजे महिन्याला मोजक्या ड्यूट्या आणि ड्यूटीमागे ठरलेलं मानधन. काम मात्र पूर्ण वेळाच्या माणसाइतकंच. पहाटे पोचायचं, टेलिप्रिंटरवर आलेली इंग्रजी बातमी समोर ठेवून थेट मराठीत उतरवायची, जिल्ह्यातल्या अंशकालीन वार्ताहराने फोनवर सांगितलेलं लिहून घ्यायचं, आणि घड्याळाचा काटा जागेवर आला की वाचायचं. या कामावर संसार चालत नाही हे त्यांना लवकर कळलं, म्हणून त्यांनी बी.एड. केलं. त्या वेळी तो अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. त्यातले सूक्ष्मपाठ, म्हणजे सरावाचे छोटे पाठ, पाच-सहा मिनिटांचे, म्हणजे जवळपास एका छोट्या बातमीपत्राइतके. ते त्यांना जड गेले नाहीत. जड गेलं ते पुढचं, त्याविषयी नंतर.

परिपाठाच्या बातमीपत्राचे त्यांचे नियम पहिले कागदाचे होते, भाषेचे नंतर. पाठकोऱ्या फुलस्केपचे अर्धे तुकडे करायचे. एका तुकड्यावर एकच बातमी. टाचणी, स्टेपल काही लावायचं नाही. कारण साधं आहे: ऐन वेळी तिसरी बातमी पहिली होते, आणि वहीत लिहिलेल्या बातम्यांचा क्रम बदलता येत नाही. वाक्य पानाच्या शेवटी तुटता कामा नये. तुटलं तर वाचणारा तिथे श्वास घेतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं वाक्य संपलं. ओळींमध्ये बोटभर अंतर. छोट्या विरामाला एक तिरकी रेघ, मोठ्याला दोन. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, शेजारी सरकवायचं, कारण माइकजवळ कागद उलटला की पावसासारखा आवाज येतो. पानाच्या कोपऱ्यात आकडा आणि त्याभोवती गोल. हा आकडा बातमीचा नसून सेकंदांचा असे.

हा सेकंदांचा हिशोब म्हणजे बाईंचं खरं शिक्षण. मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द धरले तर पाच मिनिटांत जेमतेम साडेपाचशे शब्द बसतात. पटांगणात आवाज समोरच्या इमारतीवर आपटून परत येतो, म्हणून तिथे गती नव्वदवर आणायची, म्हणजे साडेचारशे. सुरुवातीच्या ठळक बातम्यांना तीस सेकंद, शेवटी त्या पुन्हा सांगायला तीस. उरलेल्या चार मिनिटांत सहा-सात बातम्या. शेवट आधी मोजायचा: साडेचार मिनिटं झाली की हातातली बातमी कितीही महत्त्वाची वाटो, ती संपवून ठळक बातम्यांवर यायचं. वेळ उरलाच तर दोन छोट्या बातम्या बाजूला तयार. तास घेतानाही त्या असाच हिशोब करत. पस्तीस मिनिटांच्या तासातली शेवटची चार मिनिटं आधीच बांधलेली असत, त्यामुळे घंटेनंतर ‘एवढं वाक्य लिहून घ्या’ असं त्यांना कधी म्हणावं लागलं नाही.

भाषेच्या नियमांमागे एकच गोष्ट होती. ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. म्हणून ‘वरील’, ‘उपरोक्त’, ‘खालीलप्रमाणे’ बाद. कानाला वर-खाली नसतं. ‘अनुक्रमे’ तर पूर्ण बंद. ‘कबड्डी, खो-खो आणि लंगडीत अनुक्रमे आठवी, सातवी आणि नववीने बाजी मारली’ हे कागदावर ठीक आहे; पटांगणात ते ऐकून कोण कशात जिंकलं हे एकालाही सांगता येत नाही. ‘त्यांनी’, ‘त्यामुळे’ यांच्या जागी नाव पुन्हा घ्यायचं. हुद्दा आधी, नाव नंतर. नाव आधी आलं तर माणूस कोण हे कळेपर्यंत ते विसरलेलं असतं.

सगळ्यात उपयोगी नियम ‘नाही’चा. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. ‘पावसामुळे उद्या शाळांना सुट्टी दिली जाणार नाही’ हे वाक्य घ्या. शेवटचा शब्द रिक्षाच्या आवाजात बुडाला की अर्थ उलटा होतो आणि अर्धी शाळा घरी बसते. म्हणून लिहायचं, ‘उद्या शाळा नेहमीप्रमाणे भरतील.’ नकाराची बातमी होकारात फिरवता येते का, हे प्रत्येक वाक्याला विचारायचं. त्याच कारणाने ‘जो... तो’, ‘ज्यांनी... त्यांना’ ही लांब वाक्यं तोडायची. बारा-पंधरा शब्दांपुढे गेलेल्या वाक्यात क्रियापद येईपर्यंत कर्ता हरवतो.

आकड्यांना कात्री लागायची, पण आधी आकडा समजला पाहिजे. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडल्याची बातमी आली की क्युसेक म्हणजे काय हे फळ्यावर मांडलं जाई. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28.3 लिटर. मग हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर, दर सेकंदाला. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हजार क्युसेकने ते सोडायला साडेअकरा दिवस लागतात. हे झालं की बातमीत 4,280 च्या जागी ‘सुमारे सव्वाचार हजार क्युसेक’ लिहायचं. सव्वा, दीड, पावणेदोन ही मराठीची कानासाठी केलेली सोय आहे, तिचा फायदा घ्यायचा. आणि पहिलं वाक्य क्युसेकचं नसून भिडे पूल वाहतुकीला बंद झाल्याचं असायचं, कारण ऐकणाऱ्याला घरी त्याच वाटेने जायचं असतं. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ कानाला सारखे वाटतात, तिथे आकडा दोनदा सांगायचा. (2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वाद झाला. कानाच्या बाजूने पाहिलं तर त्या पद्धतीत अर्थ होता, असं माझं मत. बाईंना ते अजिबात मान्य नाही.)

इतिहासाच्या तासाला हीच कसोटी पानशेतला लावली जाई. 12 जुलै 1961: सकाळी पानशेत धरण फुटलं, पुढे खडकवासल्याची भिंत गेली, नारायण, शनिवार या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, लकडी पूल पाण्याखाली गेला. ही माहिती मागेपुढे करून द्यायची आणि साठ शब्दांत बातमी मागायची, त्या दिवशी दुपारी ऐकणाऱ्यासाठी. दहातल्या आठ वह्यांत सुरुवात ‘निसर्गाच्या कोपाने’ होई. निसर्गाला तिथे काही काम नाही, हे बाई लाल शाईने लिहीत. आधी पाणी कुठवर आलं, कोणता पूल बंद आहे, माणसांनी कुठे जाऊ नये. धरण का फुटलं ते शेवटी, आणि तेही कुणी सांगितलं त्या माणसाच्या हुद्द्यासकट. दहावीच्या उपयोजित लेखनात बातमीला पाच गुण असतात, तिथे मथळा, स्थळ, दिनांक, ‘आमच्या वार्ताहराकडून’ हे सगळं लागतं. रेडिओच्या बातमीत यातलं काही नसतं. हा फरक त्या परीक्षेआधी एका तासात सांगून टाकत; त्याला जास्त वेळ देण्यासारखं काही नव्हतं.

उच्चारांसाठी शब्दांच्या जोड्या होत्या. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगणं कर; ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘जरा’ म्हणजे थोडंसं. लिपी एकच, च-ज दोन. माइक तोंडापासून वीतभर, आणि समोर न बोलता किंचित तिरकं, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फटाका फुटतो. स्पीकर शिट्टी मारायला लागला की मुलं माइक हाताने झाकतात, त्याने शिट्टी वाढतेच. माइक स्पीकरच्या मागे न्यायचा, मग आवाज कमी करायचा. सकाळी उभं करतानाच स्पीकर माइकच्या पुढे ठेवला तर हे घडतच नाही.

जुन्या स्पूल टेपचे तुकडे त्या वर्गात आणत. पाव इंच रुंदीची ती पट्टी सेकंदाला साडेसात इंच सरकते. बाराशे फुटांच्या रिळात किती मिनिटं मावतील हे गणित तोंडी विचारलं जाई. उत्तर बत्तीस. संपादन म्हणजे ब्लेडने कापणं. ठोकळ्याच्या खाचेत पट्टी बसवायची, पंचेचाळीस अंशात कापायची आणि मागून चिकटपट्टी लावायची. सरळ कापलं तर जोडावर ‘टक’ असा आवाज येतो. तिरकं कापलं की एक आवाज विरत दुसरा चढतो. ब्लेडमध्ये चुंबकत्व आलं असेल तर तिरकं कापूनही टक येतो. बोलणाऱ्याचा श्वास मात्र कापायचा नाही, श्वास काढलेलं बोलणं यंत्राचं वाटतं.

आता जड गेलेल्या गोष्टी. स्टुडिओत आवाज फेकावा लागत नाही. साठ मुलांच्या वर्गात पाच तास तोच मृदू आवाज वापरला तर मागे ऐकू जात नाही, आणि चढवला तर घसा जातो. पहिल्या वर्षी बाईंचा घसा दोनदा बसला. मग पोटातून श्वास, वाक्याच्या शेवटी आवाज न पाडणं, आणि एका जागी उभं राहून न बोलता बाकांमधून फिरणं असं करत करत तो सांभाळला. दुसरी गोष्ट शांततेची. रेडिओवर तीन सेकंद शांतता म्हणजे चूक. प्रश्न विचारून उत्तर आलं नाही की त्या लगेच स्वतःच उत्तर देऊन टाकत. वर्ग गप्प बसायला शिकला, कारण थांबलं की उत्तर मिळतंच. ही सवय मोडायला त्यांनी प्रश्नानंतर मनात सात आकडे मोजायला सुरुवात केली. सातपर्यंत जाईतो बहुधा तिसऱ्या-चौथ्या बाकावरचा हात वर येई. पहिल्या बाकावरचा दोनलाच आलेला असे, त्याला त्या बघतच नसत.

परिपाठाच्या बातमीपत्राची जुनी पानं ग्रंथालयातल्या लोखंडी कपाटात आहेत, वर्षवार, दोऱ्याने बांधलेली. जी वाचली गेली नाहीत, वेळेअभावी बाजूला पडली, त्यांचा गठ्ठा वेगळा आहे, आणि तोच जाड आहे.

— एक माजी विद्यार्थी