गरीब बाळ, किरकिरं बाळ

बाळ बघायला आलेल्यांचा निकाल पाच मिनिटांत लागतो. "गरीब आहे हो," नाहीतर "जरा किरकिरंच दिसतंय." पुण्यातल्या सुशिक्षित घरात मग कुणीतरी बाळाचा स्वभाव मोजणारी परदेशी प्रश्नावली शोधून काढतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी रॉथबार्ट यांची १९८१ ची, पुढे २००३ मध्ये सुधारलेली प्रश्नावली बरीच वापरात आहे: ३ ते १२ महिन्यांच्या बाळांसाठी १९१ प्रश्न, गेल्या आठवड्यात जे दिसलं त्याला १ ते ७ अंक.

गोची अंघोळीपाशी होते. पाण्यात ठेवल्यावर बाळ किती वेळा पाय आपटून पाणी उडवतं, असा प्रश्न. आपल्याकडे न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाटावर बसून पाय लांब करतात, पायांवर बाळ पालथं, वरून तांब्याने कोमट पाणी. पाणी साचतच नाही, उडवणार कुठलं? तरी आई "कधीच नाही" म्हणून १ लिहून मोकळी होते. तिथे "लागू नाही" लिहायचं आणि सरासरी काढताना तो प्रश्न मोजायचाच नाही. समजा हालचालीचे बारा प्रश्न आहेत. नऊ उत्तरांची बेरीज ४५, सरासरी ५. टब नि कारसीटच्या उरलेल्या तीन प्रश्नांना १ दिला की ४८ भागिले १२, सरासरी ४. बाळ तेच, कागदावर मंद झालं!

देशोदेशीच्या बाळांत फरक नसतातच असं नाही. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात बॉस्टन, डब्लिन आणि बीजिंगमधली चार महिन्यांची बाळं प्रत्यक्ष पाहिली होती. बीजिंगची बाळं हातपाय कमी झाडत होती, रडतही कमी होती.

"गरीब" ही मात्र शाबासकी समजू नये. संशोधक डीव्ह्रीस यांच्या १९८४ च्या नोंदींत, पूर्व आफ्रिकेतल्या मसाई पशुपालकांच्या वस्त्यांवर दुष्काळात सात शांत बाळांपैकी पाच दगावली, सहा किरकिऱ्यांपैकी एकच. तेरा बाळांवरून सिद्धान्त होत नाही, पण रडेल त्याला आधी पाजलं जातं हे कुठल्याही घरात दिसेल.

म्हणून पहिल्या महिन्यात बाळ फार गरीब वाटलं तर आधी पाजण्या मोजा: चोवीस तासांत ८ ते १२, आणि पाचव्या दिवसानंतर निदान सहा ओली लंगोटं. झोपलंय म्हणून सोडू नका, तळपाय चोळून उठवा. उठवूनही ओढत नसेल, अंग सैल लागत असेल, तर लगेच दवाखाना गाठा. बारसं चार दिवस पुढे गेलं तरी चालेल.