माहेरचे ‘पवित्र जन’ आणि सासरचे ‘संत’

माझे माहेर प्रेसबिटेरियन आणि सासर अँग्लिकन, म्हणजे दोन्ही घरे ख्रिस्ती आणि प्रॉटेस्टंट, पण पंथ वेगळे. दोन्ही घरे कोल्हापुरातलीच, आणि 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा या दोन परंपरा कागदोपत्री एकही झाल्या. परंतु घरातल्या सवयी कागद पाहून बदलत नसतात, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या नोव्हेंबरमध्ये कळले. ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्री सासूबाई म्हणाल्या, “उद्या सर्व संतांचा दिवस आहे, उपासनेला लवकर निघावे लागेल.” मी मान हलवली खरी, पण कोणते संत आणि त्यांचा दिवस कशासाठी, याचा मला काहीच उलगडा झाला नव्हता. शहरातल्या ऑल सेंट्स चर्चचे नाव मी लहानपणापासून वाचत आले होते. त्या नावाचा कॅलेंडरवरच्या एखाद्या तारखेशी संबंध असेल, असे मात्र कधी मनातही आले नव्हते.

आमच्या माहेरी असा दिवस नव्हताच. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले आणि त्यांच्या कार्यातून जी मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, उभी राहिली, तिच्यात आमचे घराणे वाढले. त्या परंपरेचे मूळ जिनिव्हातल्या कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकाकडे आणि स्कॉटलंडमधल्या धर्मसुधारकांकडे जाते. स्कॉटलंडच्या सुधारकांनी 1560 साली चर्चच्या शिस्तीचा जो मसुदा तयार केला, त्यात संतांचे सण तर काढून टाकलेच, शिवाय पवित्र शास्त्रात आज्ञा नाही म्हणून नाताळही वगळला. कोल्हापुरात नाताळ सुदैवाने टिकला. माझी आजी म्हणत असे, “आपल्यात मोठे दिवस दोनच, नाताळ आणि ईस्टर; बाकी सगळे रविवार.”

आजीच्या या म्हणण्याला मराठी भाषेचाही एक आधार होता, असे मला आता वाटते. बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रे मराठीत वाचताना ‘संत’ हा शब्द भेटत नाही. तेथे ‘पवित्र जन’ असे म्हटलेले आहे, आणि ते कोणा निवडक थोरांना उद्देशून नसून रोम किंवा इफिस येथल्या सगळ्याच विश्वासणाऱ्यांना उद्देशून आहे. ‘संत’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आळंदी आणि देहू उभी राहतात. ‘पवित्र जन’ म्हटले की मंडळीतला शेजारच्या बाकावरचा माणूसही त्यात येतो, आणि मग त्याचा वेगळा सण कशाला, असा आजीचा सरळ हिशोब होता.

गंमत अशी की ज्या सणाला आमच्या माहेरी स्थान नव्हते, त्याच्या आदल्या दिवशीच सगळ्या प्रॉटेस्टंट इतिहासाची सुरुवात धरली जाते. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने आपले 95 सिद्धान्त मांडले ते 31 ऑक्टोबर 1517 रोजी, म्हणजे सर्व संतांच्या दिवसाच्या पूर्वसंध्येला, आणि विटेनबर्गच्या राजवाड्यातले ते चर्चही सर्व संतांच्याच नावाचे होते. दुसऱ्या दिवशी तेथे संतांच्या अवशेषांचे दर्शन घेऊन पापदंडातून सूट मिळवण्यासाठी लोकांची रीघ लागणार होती. ल्यूथरच्या अनुयायांनी तरीही संतांना हद्दपार केले नाही. 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाच्या, म्हणजे त्यांच्या विश्वासाच्या जाहीर निवेदनाच्या, एकविसाव्या कलमात संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवावा, परंतु त्यांच्याकडे मागणे मागू नये, अशी रेघ आखलेली आहे. माझ्या सासरची अँग्लिकन परंपरा जवळजवळ याच रेघेवर उभी आहे: तिच्या श्रद्धेच्या 39 कलमांपैकी बाविसावे कलम संतांचा धावा करणे निराधार ठरवते, आणि तिचेच 1662 चे प्रार्थनापुस्तक प्रेषितांच्या एकेका दिवसासाठी स्वतंत्र प्रार्थना देते. त्या प्रार्थना लक्षपूर्वक वाचल्या तर त्यांत संताशी कोणी बोलत नाही. संताविषयी देवाशी बोलले जाते.

सगळा भेद या एका क्रियापदात आहे, हे मला कॅथलिक मैत्रिणीबरोबर नोव्हेनाला गेल्यावर उमगले. कोल्हापुरातल्या तिच्या चर्चमध्ये आश्रयदात्या संताच्या सणाआधी नऊ संध्याकाळी प्रार्थना चालते, आणि रोजची व्यवस्था वेगवेगळ्या वस्त्यांतल्या कुटुंबांकडे असते. त्या दिवशी संतनामांची माळ म्हटली जात होती. पुढे एकजण नाव घेई आणि सगळे चर्च उत्तर देई, “आम्हांसाठी विनंती कर.” नावामागून नाव आणि प्रत्येकाला तेच उत्तर, थोड्या वेळाने त्या शब्दांना टाळांसारखा ठेका आला. मी गप्प बसले होते, पण कान देऊन ऐकत होते, कारण माहेरी मला ‘कॅथलिक लोक संतांची पूजा करतात’ एवढेच सांगितले गेले होते आणि येथे तर ‘दे’ असे कोणी म्हणत नव्हते, ‘विनंती कर’ असे म्हणत होते. आजारी असताना आपण मंडळीला आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतो, तसेच हे, असे मैत्रिणीने समजावले. आजी असती तर तिने लगेच विचारले असते की मंडळी जिवंत आहे, हे कुठे आहेत? त्यावर मैत्रिणीचे उत्तर ठरलेले होते: तेही जिवंतच आहेत.

सणाच्या दिवशी संताची मूर्ती लाकडी पालखीत ठेवून चर्चच्या आवाराभोवती फिरवली. झेंडूच्या माळा आपल्या मंडईतल्याच होत्या. मिरवणूक संपल्यावर रांग लागली; माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी मूर्तीच्या पायांना बोटे लावली, ती बोटे ओठांना लावली आणि मग कडेवरच्या नातवाच्या कपाळाला लावली. माझी पाळी आली तेव्हा हातांचे काय करावे हे मला सुचेना. मी पर्सचा पट्टा घट्ट धरून बाजूला सरकले. तो संकोच प्रॉटेस्टंट होता की नुसताच अनोळखी जागेचा, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट विचित्र वाटते, पण मराठी माणसाला वाटू नये. ख्रिस्ती संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या तारखेला असतो, म्हणजे ती पुण्यतिथीच असते. तरी जुन्या लॅटिन परिभाषेत तिला ‘जन्मदिवस’ म्हणतात, कारण त्या दिवशी ते स्वर्गात जन्मले असे मानले जाते. दुसऱ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या स्मर्ना येथे पॉलिकार्प नावाच्या वृद्ध बिशपांना जाळून मारण्यात आले, तेव्हा तिथल्या मंडळीने त्यांच्या हौतात्म्याचा ‘जन्मदिवस’ दरवर्षी एकत्र येऊन पाळण्याचे ठरवले होते. ज्या मुलखात तुकाराम बीज साजरी होते, तिथे याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा 24 जून आणि मरियेचा 8 सप्टेंबर हे मात्र खरोखरीचे जन्मदिवस म्हणून पाळले जातात.

हुतात्मे वाढत गेले आणि तारखा अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा सगळ्यांचा मिळून एक दिवस आला. रोममधले पँथिऑन हे मूळचे देवालय पोप चौथे बोनिफेस यांनी 609 च्या सुमारास 13 मे रोजी मरिया आणि सर्व हुतात्म्यांना अर्पण केले. पुढे नवव्या शतकात पश्चिम युरोपात 1 नोव्हेंबर ही तारीख रूढ झाली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च मात्र हा सण पेन्टेकॉस्टनंतरच्या (ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या सणानंतरच्या) पहिल्या रविवारी पाळते. तारखांचा घोळ एकट्या संत थोमाच्या बाबतीतही पुरेसा आहे. अँग्लिकनांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात त्याचा दिवस 21 डिसेंबर, रोमच्या पंचांगात 1969 च्या फेररचनेपासून 3 जुलै आणि ग्रीक परंपरेत 6 ऑक्टोबर.

आमच्या शेजारी काही वर्षे एक मलयाळी ऑर्थोडॉक्स कुटुंब राहत होते. एका 1 नोव्हेंबरला मी मोठ्या उत्साहाने त्यांना शुभेच्छा द्यायला गेले, तर घराला कुलूप. ते सगळे परुमलाला गेले होते. केरळात पंपा नदीकाठी असलेल्या या गावी संत ग्रेगोरिओस यांची कबर आहे. ते वयाच्या 28 व्या वर्षी, 1876 साली बिशप झाले, म्हणून लोक त्यांना ‘कोच्चु तिरुमेनी’, म्हणजे धाकटे स्वामी, म्हणत आणि अजूनही म्हणतात. 2 नोव्हेंबर 1902 रोजी ते वारले आणि 1947 साली मलंकारा चर्चने, म्हणजे केरळातल्या त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चने, त्यांना संत घोषित केले. कॅथलिक चर्चमध्ये संतपदासाठी रोमपर्यंत जाणारी लांबलचक चौकशी आणि सिद्ध झालेले चमत्कार लागतात. येथे लोकांची श्रद्धा पुढे गेली आणि चर्चची मोहोर मागून लागली. सणाला गावोगावचे लोक पायी चालत येतात, मिरवणुकीत रंगीत रेशमी छत्र्या आणि क्रूस असतात. हे वर्णन त्या शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकताना मी सहज बोलून गेले, “म्हणजे वारीच की!” त्यांना वारी ठाऊक होती, कारण त्यांनी ती पंढरपूरच्या रस्त्यावर पाहिली होती. ते हसले आणि म्हणाले, “हो, पण आमच्याकडे परत येताना बस मिळत नाही.” परुमलाचे नवे भव्य चर्च वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी आखलेले आहे, हेही मला त्यांच्याकडूनच कळले.

मला स्वतःला सर्वांत भावलेली पद्धत मात्र मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. माझा भाचा नोकरीनिमित्त बेलग्रेडला होता आणि तिथल्या सहकाऱ्याच्या घरी तो ‘स्लावा’ला गेला होता. सर्बियातल्या प्रत्येक ऑर्थोडॉक्स घराण्याचा एक संत असतो आणि तो बापाकडून मुलाकडे जातो. आपल्याकडच्या कुळाचारासारखेच हे आहे. त्या दिवशी मेणबत्ती लावतात, नक्षीदार पाव कापून त्यावर वाइन ओततात आणि शिजवलेला गोड गहू सर्वांना देतात, कारण गव्हाचा दाणा जमिनीत मेल्यावाचून पीक देत नाही असे येशूने म्हटले आहे. आमंत्रण कोणाला द्यायचे नसते. ज्याला ठाऊक आहे तो येतो. युनेस्कोने 2014 साली या प्रथेची अमूर्त वारशात नोंद केली. भाचा गेला तो दिवस संत निकोलसचा, जुन्या पंचांगाप्रमाणे 19 डिसेंबर, आणि तो नाताळपूर्व उपवासाच्या काळात येत असल्याने टेबलावर मासे होते, मटण नव्हते. कोल्हापूरच्या पोराला सणाच्या घरी मटण नाही, याचे दुःख त्याने फोनवर सविस्तर सांगितले.

सासरी आता 1 नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी वर्षभरात निवर्तलेल्यांची नावे वाचण्याची प्रथा आहे. नावे चिठ्ठीवर लिहून आधी द्यायची असतात आणि एकेका नावाला एक मेणबत्ती लागते. तेवढा वेळ पंखे बंद ठेवतात. आजी गेली त्या वर्षी तिच्या नावाची चिठ्ठी द्यावी की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण तिला हे पटले नसते. शेवटी मी चिठ्ठी दिली, आणि आईलाही बरोबर नेले. पाळकसाहेबांनी आजीसाठी काही मागितले नाही, तिच्याकडेही काही मागितले नाही. नुसते नाव घेतले आणि तिच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानले. आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. उपासना संपल्यावर पायऱ्या उतरताना तिने सासूबाईंना हळूच विचारले, “वडील जाऊन वीस वर्षे झाली, त्यांचे नाव पुढच्या वेळी चालेल का? चिठ्ठी किती तारखेपर्यंत द्यावी लागते?”