तांब्याची हँडलं आणि रोजचा पोछा : आमची वाटचाल

आम्ही आधी स्टीलची दार-हँडलं बनवायचो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2008 मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना जंतू मारणारा पृष्ठभाग म्हणून नोंदणी दिली, साफ केलेल्या पृष्ठभागावर दोन तासांत 99.9 टक्के बॅक्टेरिया मरतात असा दावा करायला परवानगी मिळाली, ते वाचून आम्ही हळूहळू तांबं आणि जास्त तांब्याच्या पितळेकडे वळलो.

पहिल्याच लॉटला आमची मोठी चूक झाली. माल चमकत राहावा म्हणून बफिंगनंतर (घासून चमकवल्यावर) वरून लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर मारला. दिसायला झकास, पण जंतूचा तांब्याला स्पर्शच होत नव्हता मग मरणार कसा? तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, बाहेर येऊन जंतूचं बाहेरचं आवरण फोडतात, त्यासाठी धातू उघडाच हवा. लॅकर, मेण, पेंट काहीच नको. तो सगळा लॉट परत घासून काढला.

मग एका हॉस्पिटलमधून तक्रार आली की हँडलं काळी पडली, माल बोगस आहे. मी जाऊन एक काढून बघितलं. तळहात घासला जातो तिथे लख्ख, बाजूला गडद तपकिरी, आणि स्क्रूच्या खाचेत हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड. तपकिरी म्हणजे ऑक्साइडचा थर, त्याने काम थांबत नाही, हे लोकांना पटवणं आजही सगळ्यात अवघड जातं. हिरवी पूड मात्र ब्लीचमुळे, ते लोक ब्लीच मारायचे आणि तसंच वाळू द्यायचे, क्लोरीनने धातू खाल्ला जातो.

पण मला खरी काळजी वाटली ती डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीची. घाम, तेल, साबणाचा राहिलेला अंश, नीट धुतलं नाही तर प्रत्येक पुसण्यात थोडं थोडं साचत जातं आणि तांबं झाकलं जातं. म्हणजे सारखं पुसूनही काम कमी होऊ शकतं, पुसण्याची पद्धत चुकली तर. म्हणून आम्ही आता मालासोबत सूचना देतो, सौम्य साबण, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं फडकं. जंतुनाशक मारायचं असेल तर मारा, पण नंतर पाण्याने पुसून घ्या. आणि तांबं लावलं म्हणून सफाई बंद करायची नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो.

प्लेटिंगचा, म्हणजे दुसऱ्या धातूवर तांब्याचा पातळ थर चढवलेला माल आम्ही बंदच केला, काही ऑर्डर गेल्या तरी. पातळ थर घासणीने निघून जातो आणि खालचा धातू उघडा पडतो, भरीव हँडलला ओरखडा गेला तरी खाली तांबंच असतं ना.

आता नवीन गिऱ्हाईक आलं की मी नवं चकचकीत हँडल दाखवतच नाही. आमच्याच ऑफिसच्या दारावरून काढलेलं, रोज पुसून पुसून तपकिरी झालेलं हँडल हातात देतो आणि सांगतो की तुमचंही असंच दिसणार, चालत असेल तर पुढे बोलू.