पी०१७१ आणि ऑक्सिजन सेन्सरवरचा आळ

मध्यंतरी माझ्या पेट्रोल गाडीत तो पिवळा इंजिनचा दिवा लागला. गाडी पळायला एकदम ठीक होती, पिकअप होता, आवाज नव्हता, फक्त उभी असताना आयडलिंग जरा थरथरायचं. असं झालं की बहुतेक लोक एकतर तो दिवा महिनोन्महिने बघून न बघितल्यासारखं करतात नाहीतर कोणीतरी सांगितलं म्हणून सरळ सेन्सर बदलून मोकळे होतात, मला दोन्ही करायचं नव्हतं.

पुढे जायच्या आधी एक महत्त्वाचं. दिवा नुसता लागलेला असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश बघता येतं, पण तो लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. लुकलुकतोय म्हणजे जोरात मिसफायर होतंय (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये) आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये चाललंय, ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो, आणि तो पार्ट किती महाग असतो ते ज्याने बदललाय त्याला विचारा. ऑइलचा लाल दिवा लागला तर ते प्रकरणच वेगळं, तिथे इंजिन लगेच बंद.

तर स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावला आणि मोबाईलवर कोड वाचला. पी०१७१. म्हणजे बँक १ चं मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. (बँक म्हणजे सिलिंडरची ओळ, चार सिलिंडर एका ओळीत असले की साधारण एकच बँक असते, त्यामुळे बँक २ कुठाय म्हणून शोधत बसू नका.) कोड लगेच क्लिअर करायचा मोह होतो, तो आवरा, कारण कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते, दिवा लागला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन गरम होतं का गार, लोड किती हे सगळं त्यात असतं आणि क्लिअर केलं की ते पण जातं. माझ्या फ्रीझ फ्रेममध्ये इंजिन पूर्ण गरम आणि आरपीएम आयडलिंगचे होते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

गॅरेजवाल्या दादांना फोन केला तर कोड ऐकल्या ऐकल्या म्हणाले ऑक्सिजन सेन्सर गेलाय, घेऊन या, बदलून टाकू. आता इथेच माझी चिडचिड होते. ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमध्ये बसून सांगतोय की बाबांनो हवा जास्त येतेय, आणि आपण काय करतो तर सांगणाऱ्यालाच काढून टाकतो! सेन्सर खरंच खराब असू शकतो, नाही असं नाही, पण कोडने ते सांगितलेलं नसतं. कंप्युटरला काय दिसलं एवढंच कोड सांगतो, कुठला पार्ट बदलायचा ते नाही.

मग बघायचं काय, तर फ्युएल ट्रिम. वजनाच्या हिशोबाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा असं मिश्रण ठेवायला कंप्युटर सतत पेट्रोल थोडं वाढवत-घटवत असतो, ती टक्केवारी म्हणजे ट्रिम, त्यात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन आकडे असतात आणि दोघांची बेरीज बघायची. शून्याच्या आसपास छान, अधिक-उणे १० च्या आत साधारण चालतं. माझं आयडलिंगला अधिक २० च्याही पुढे गेलं होतं, पण उभ्या गाडीतच रेस करून २५०० आरपीएमला धरून ठेवलं की हळूहळू ५ च्या जवळ यायचं. हे बघून मला जवळजवळ खात्री पटली. थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) आणि इंजिन यांच्या मध्ये कुठेतरी फट असेल तर आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा घेत असतं, व्हॅक्यूम पण जबरदस्त असतो, त्यामुळे फटीतून घुसणारी हवा त्या मानाने खूप होते, आणि रेस केल्यावर थ्रॉटलमधूनच एवढी हवा येते की फटीतली हवा किरकोळ ठरते. याच्या उलट दिसलं असतं, म्हणजे आयडलिंगला ठीक आणि लोडवर ट्रिम चढतंय, तर मी फ्युएल पंप, फिल्टर किंवा घाण झालेला एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) यांच्या मागे लागलो असतो. हे गणित एअर फ्लो सेन्सरवाल्या गाड्यांचं हां, नुसता मॅप सेन्सर (इनटेकमधला, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गातला दाब मोजणारा) असेल तर अशा गळतीत बऱ्याचदा ट्रिमपेक्षा आयडलिंगच वाढलेलं दिसतं.

फट शोधायला काही जण गरम इंजिनवर कार्ब क्लीनर मारत सुटतात, आरपीएम बदलले की जागा सापडली म्हणायचं. काम करतं, पण तो स्प्रे पेट घेतो, मी नाही केलं. त्याच दादांकडे गेलो आणि म्हणलं सेन्सर राहू दे, स्मोक टेस्ट करा. इनटेकमध्ये धूर सोडला आणि थोड्या वेळात पीसीव्हीच्या (इंजिनमधल्या तेलाच्या वाफा परत इनटेकमध्ये नेणाऱ्या) रबरी पाइपच्या वळणातून, तेही खालच्या बाजूने, धूर यायला लागला. वरून बघितलं तर पाइप ठणठणीत, हात घालून दाबल्यावर चीर उघडली. तेलाच्या वाफेने रबर मऊ पडून फुगलं होतं. दादा हसले, म्हणाले बरं झालं सेन्सर मागवला नाही.

पाइप बदलला, ट्रिम दोन-तीन टक्क्यांवर आलं, थरथर गेली. कोड क्लिअर नाही केला तरी चालतो, सलग तीन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून, बंद करेपर्यंतची एक फेरी म्हणजे एक सायकल) तो दोष परत दिसला नाही की दिवा आपोआप विझतो. मी क्लिअर केला, पण मग रेडिनेस मॉनिटर (प्रदूषणाशी संबंधित भागांच्या कंप्युटर स्वतः करतो त्या तपासण्या) शून्यापासून सुरू होतात, म्हणून ज्यांच्याकडे प्रदूषण तपासणीत ओबीडी जोडून बघतात त्यांनी क्लिअर करून लगेच तपासणीला जाऊ नका, आधी थोडे दिवस गाडी चालवा. ऑक्सिजन सेन्सर अजून तोच आहे.