पूररेषा, भिंत आणि महाडचा ग्राउंड फ्लोअर

मावसभावाला महाडमध्ये फ्लॅट घ्यायचाय. एमआयडीसीत नोकरी, भाड्यानं राहून कंटाळलाय, त्यात ग्राउंड फ्लोअरचा एक स्वस्तात मिळतोय. बिल्डर म्हणतोय नदीच्या बाजूनं भिंत होणारे, आता पुराचं टेन्शनच नाही. मी सिव्हिलवाला, म्हणून सोलापूरला फोन आला, दादा घेऊ का? त्याला जे सांगितलं तेच हितं टाकतोय.

आधी पाऊस बघ म्हटलं. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासात 594 मिमी पडला. आपल्या सोलापूरची वर्षाची सरासरी साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे आपलं अख्खं वर्ष तिथं एका दिवसात संपलं. सावित्री नदी उगवते तिथंच, घाट उतरून थेट महाडला येते, मध्ये पाण्याला पसरायला फारशी जागाच नाही, महाडपाशी तिला गांधारी नदी येऊन मिळते आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असली की पाणी पुढं सरकत नाही. आपल्याकडं उजनीतून पाणी सोडलं तर पंढरपूरला पोचेपर्यंत सामान हलवायला वेळ मिळतो. तिथं रात्री झोपताना अंगण कोरडं आणि पहाटे पाणी दारात, असं होऊ शकतं.

मग पूररेषा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या. लोक काय समजतात, 2021 ला मोठा येऊन गेला, आता पुढचा नातवंडं बघतील! तसं नसतंय. लाल रेषेचा पूर दरवर्षी 1 टक्का शक्यतेनं येतो, गेल्या वर्षी आला म्हणून यंदा सुट्टी घेत नाही. 20 वर्षांचं होमलोन धरलं तर ते फिटायच्या आत लाल रेषेवरच्या घराला एकदा तरी पाणी लागायची शक्यता 18 टक्के, निळ्या रेषेवरच्या घराला 56. हे ऐकून भाऊ जरा गप्प झाला.

आता भिंत. भिंत वाईट नाही, पण ती कुठल्या पुरासाठी बांधली आणि त्या पातळीच्या वर किती फूट ठेवलीय हे कागदावर पाहिजे, बिल्डरच्या तोंडी नको. शिवाय भिंतीला पोटातनं भोकं असतात हे कुणी सांगत नाही, गावातली गटारं नाले नदीलाच जातात ना, नदी चढली की त्याच पाइपातनं पाणी उलटं गावात येतं. म्हणून तोंडाला झडपेचं दार लावतात, पण ते बंद झालं की गावावर पडणारा पाऊस आत कोंडतो, मग पंप लागतो, पंपाला लाइट लागते, आणि पुरात सगळ्यात आधी लाइट जाते. म्हणजे नदी भिंतीपलीकडं आणि तरी घरात गुडघाभर पाणी.

मातीचा बांध असेल तर अजून वेगळं. पायथ्याला स्वच्छ पाझर असला तर एकवेळ चालतंय, नजर ठेवायची. पण पाझर गढूळ झाला तर आतनं माती वाहून चाललीय, तिथं थांबायचं नाही. 2019 ला तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं, अख्ख्या महाराष्ट्रानं चेष्टा केली. बिळांनी बांध पोखरतो हे खोटं नाही, पण बिळं बुजवायची ड्युटी खेकड्याची नसते की. कुठल्याही बांधाचं मला तेच विचारायचं असतं, उद्घाटनानंतर पाच वर्षांनी झाडंझुडपं कोण काढणार, झडपेला ग्रीस कोण लावणार?

आणि आपण सोलापूरवाल्यांनी लई शहाणपणा करायचं कारण नाही. दुष्काळी जिल्हा म्हणून प्लॉट घेताना हितं कोण पूररेषा विचारतंय? सप्टेंबर 2025 ला सीना नदीनं लांबोटीला पुणे हायवे बंद पाडला तेव्हा कळलं.

भावाला म्हटलं, नगरपालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा बघ, त्या गल्लीतल्या जुन्या दुकानदाराला 2021 चं पाणी भिंतीवर कुठवर होतं ते दाखवायला सांग, आणि घ्यायचाच तर दुसऱ्या मजल्यावरचा घे, मीटर बोर्ड पण वर पाहिजे. गाडी कुठं लावायची ते त्याचं तो बघेल. दुसऱ्या मजल्याला बिल्डर जास्त पैसे मागतोय, घासाघीस चालू आहे.